कुटुंब क्रमांक नऊ

अकरा नोव्हेंबर, शनिवार. रजया उन्हात टाकायचं काम हाती होतं. दिल्लीत थंडी सांगून येत नाही. एका आठवड्यात पंखा बंद होतो आणि पुढच्या आठवड्यात पाय गार पडायला लागतात. पलंगाच्या पेटीतून तीन रजया आणि एक जुनी सोलापुरी चादर काढली, डांबराच्या गोळ्या झटकल्या आणि करोल बागेतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर सगळं दोरीवर टाकत होते, तेवढ्यात खालून कुरियरवाल्याने हाक मारली. सही करून लिफाफा घेतला. खाकी, जाड, कोपऱ्यात त्रैमासिकाचा शिक्का. तपासायला लेख आला होता.

तेव्हा मला एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. या त्रैमासिकासाठी मी वर्षाकाठी दोन-तीन लेख तपासून देत असे. पद्धत अशी की लेखाचं पहिलं पान, ज्यावर लेखकाचं नाव-गाव असतं, ते कार्यालयात काढून घेत. आत कुठे 'माझ्या आधीच्या अभ्यासात' असं काही आलं असेल तर त्यावर व्हाइटनर फासत, मग झेरॉक्स काढून ती दोन परीक्षकांकडे पाठवत. लेख कोणाचा ते परीक्षकाला कळू नये, आणि परीक्षक कोण ते लेखकाला. सोबत एक फॉर्म असे आणि त्याच्या अगदी वर ठळक अक्षरांत छापलेलं असे: लेखक ओळखीचा वाटल्यास लेख न वाचता परत करावा.

हा नियम मी पाळत आले होते. दोन वर्षांपूर्वी माझ्याच विभागातल्या एका बाईंचा लेख आला, तो मी पहिल्या पानावर ओळखला आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवला. त्यानंतर आठवडाभर स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी भेटलं की मी ते सांगत होते.

हा लेख ओळखायला दुसरं पान लागलं. विषय होता दिल्लीतल्या मराठी घरांमधल्या बायकांचा वेळ. चोवीस कुटुंबं, निम्मी द्वारकेच्या नव्या सोसायट्यांमधली, निम्मी जुन्या वस्त्यांमधली. घरात वॉशिंग मशीन, मिक्सर, मायक्रोवेव्ह आल्यावर बाईचा किती वेळ वाचतो आणि वाचलेला वेळ जातो कुठे, असा प्रश्न. प्रत्येक बाईने चौदा दिवस एक वही भरायची. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं.

ती वही माझ्या घरी येऊन गेली होती. पिवळ्या पुठ्ठ्याची. आदल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेने स्वतः आणून दिली होती.

जावेबद्दल सांगायला हवं. ती पुण्याची, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझे यजमान केंद्र सरकारात, दीर एका परदेशी कंपनीत. आम्ही दोघं दिल्लीत आलो तेव्हा टेलिफोनसाठी सहा वर्षं नंबर लावला होता. ते दोघं आले तेव्हा कंपनीने पहिल्या आठवड्यात फोन बसवून दिला. मी गृहविज्ञानाची, तीही गृहविज्ञानाची. मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. मग मुलगा झाला, सासरे आजारी पडले, मार्गदर्शक निवृत्त झाले आणि एक दिवस युनिव्हर्सिटीचं पत्र आलं की नोंदणीची मुदत संपली. जावेलाही मूल झालं. तिने मांडीवर मुलीला घेऊन प्रबंध टाइप केला. सासूबाई गावाहून पत्रात मायना लिहायच्या, 'चि. सौ. डॉक्टरीणबाई'. मला नुसतं 'चि. सौ.'

मग दीर-जावेने द्वारकेत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे मेट्रो नव्हती, धड बसही नव्हती, नुसते धुळीचे रस्ते आणि अर्ध्या बांधलेल्या इमारती. वास्तुशांतीला गेलो तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, जंगलात घर घेतलंय. पण मग लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेलो. ओटा माझ्या उंचीला बरोबर होता, माझ्या स्वतःच्या घरात मी वीस वर्षं वाकून पोळ्या लाटल्या. कोपऱ्यात पुढून दार उघडणारं वॉशिंग मशीन. आणि एका खोलीत खिडकीशी तिचं स्वतःचं टेबल. जेवायचं टेबल नव्हे, लिहायचं. वर दिवा, बाजूला कप्पे. मी त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "धूळ फार येते गं इथे."

"हो ना, वहिनी," ती म्हणाली. "दिवसातून तीनदा पुसते."

तर असा तो लेख माझ्या हातात होता, तिचं नाव काढून टाकलेला. परत करायचा, एवढंच काम होतं. फॉर्मवर खूण करायची आणि लिफाफा बंद. मी रजया उलटवायला गच्चीवर जाऊन आले, चहा टाकला आणि लेख घेऊन दिवाणावर बसले. स्वतःला सांगितलं की ओळख म्हणजे नुसता अंदाज आहे, अशा पिवळ्या वह्या आणखी कोणी वाटल्या असतील. माझा त्यावर विश्वास बसला नाही, पण पेन्सिल घेतली.

लेख चांगला होता. ते मला चौथ्या पानावर कळलं आणि पोटात दुखायला लागलं. भाषा सरळ, कुठेही अवघड शब्दांची सजावट नाही. मी काय लिहिलं असतं आणि ते याच्याहून किती वाईट झालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. मग मी चुका शोधायला लागले, आणि शोधणाऱ्याला चुका मिळतात. कुटुंबं निवडली होती महाराष्ट्र मंडळातल्या आणि हळदीकुंकवाच्या ओळखीतून, म्हणजे एकीने दुसरीचं नाव सुचवायचं. याला नमुना म्हणत नाहीत, मैत्रिणी म्हणतात. संदर्भांच्या यादीतली दोन पुस्तकं जुन्या आवृत्तीची. आणि टक्के! चोवीसातल्या सात बायकांबद्दल तिने लिहिलं होतं २९.१७ टक्के. सात बायकांना सात बायका म्हणायला काय झालं होतं?

दीड तासात मी दोन पानं अभिप्राय लिहिला. इतका भराभर हात कित्येक वर्षांत चालला नव्हता. 'लेखिकेने', असं लिहून ते खोडलं आणि 'लेखकाने' केलं. शेवटची ओळ होती, 'सध्याच्या स्वरूपात प्रसिद्ध करण्यास अयोग्य.' ती लिहून मी चहाचा कप उचलला, चहा केव्हाच गार झाला होता, तरी तो मला फार छान लागला.

निष्कर्षाची तीन पानं वाचायची राहिली होती. अभिप्राय पूर्ण झाल्यावर ती वाचली. हेही नियमाला धरून नव्हतं.

निष्कर्षात तिने म्हटलं होतं की नव्या घरांत यंत्रांनी वाचवलेला वेळ बाईकडे राहतच नाही. तो मुलांना लांबच्या क्लासला सोडण्यात जातो, पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात जातो, लिफ्ट बंद पडल्यावर भाजी वर आणण्यात जातो. म्हणजे मशीन आहे म्हणून बाईला मोकळा वेळ मिळतो असं नाही. मग मिळतो कोणाला? याचं उत्तर एका परिच्छेदात होतं. कुटुंब क्रमांक नऊ, करोल बाग. बाई नोकरी करते. घरात वॉशिंग मशीन नाही, धुण्याभांड्याला बाई नाही, नळाला पाणी सकाळी दोनच तास. तरीही चौदापैकी बारा दिवस ती दुपारी अडीच ते साडेचार वाचन-लेखन करते. तिने हा वेळ यंत्रांकडून मिळवलेला नाही, तो स्वतःसाठी राखलेला आहे, आणि घरातल्यांनी ते मान्य केलेलं आहे. सगळ्या चोवीस घरांत स्वतःच्या वेळेवर असा पक्का हक्क फक्त याच बाईने ठेवलेला दिसला. पुढचा सगळा युक्तिवाद या परिच्छेदाच्या खांद्यावर उभा होता.

कुटुंब क्रमांक नऊ म्हणजे मी.

आणि ती वही खोटी होती.

दुपारी अडीच ते साडेचार मी झोपते. आजही झोपते. कॉलेजातून दोनला यायचं, जेवायचं, टीव्हीवर आदल्या रात्रीची मालिका पुन्हा लागते ती अर्धी बघायची आणि मग झोपायचं. वही मी चौदा दिवस भरलीच नाही. पंधराव्या दिवशी जाऊ ती न्यायला येणार म्हणून चौदाव्या दिवशी संध्याकाळी बसून सगळी एका दमात भरली. खरी वाटावी म्हणून दोन पेनं वापरली, मध्ये दोन दिवस दुपारी 'पाहुणे' लिहिलं. सकाळचं सगळं खरं लिहिलं, पाणी, डबे, बस, तास. दुपारच्या रकान्याशी आले आणि 'झोप' लिहायला हात धजेना. तिच्या त्या टेबलावर ती वही उघडली जाणार होती. मी लिहिलं, 'वाचन व लेखन'.

बायकांच्या वह्या खोट्या असू शकतात, हे मी वर्गात शिकवते. बाई कामाचे तास वाढवून सांगते किंवा कमी करून सांगते, ते समोर कोण विचारतंय त्यावर अवलंबून असतं. जावेलाही ते माहीत होतं, तिने लेखात तसं लिहिलंही होतं. फक्त मोठी जाऊ, स्वतः या विषयाची प्राध्यापक, अशी वही भरेल हे तिच्या मनात आलं नसावं.

अडचण मला तेव्हाच दिसली. लेख चांगला म्हणून पाठवला तर खोटं छापून येणार, आणि ते माझंच. वाईट म्हणून पाठवला, तर जी खरी खोट आहे ती मला लिहिता येत नाही, कारण ती फक्त मलाच माहीत आहे. न वाचता परत करायची वेळ तर दोन कप चहांपूर्वी निघून गेली होती. मी लेख, फॉर्म आणि माझी दोन पानं लिफाफ्यात घातली, लिफाफा पलंगाच्या पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

दोन महिने तो तिथे होता. तपासणीला मुदत सहा आठवड्यांची असते. त्रैमासिकाकडून आधी आठवणीचं पोस्टकार्ड आलं, मग तिथल्या कारकुनाचा फोन आला. "मॅडम, वो पेपर?" मी म्हटलं, परीक्षेचं काम चालू आहे. ते खोटं नव्हतं, परीक्षेचं काम नेहमीच चालू असतं.

या दोन महिन्यांत मला वाईट वाटत होतं, असं म्हटलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं. पहिल्यांदाच तिची एक गोष्ट माझ्या हातात अडकून होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मी या लोकांसाठी लेख तपासते हे मी सासरी कधी बोललेच नव्हते. जावेने 'अरे वा, वहिनी' म्हटलं असतं आणि ते मला नको होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे रविवारी होतं. आम्ही दोघं दुपारी द्वारकेला पोचलो तेव्हा गेटपाशी टँकर उभा होता आणि दोन बायका पहारेकऱ्याशी भांडत होत्या, "भैया, पहले बी ब्लॉक का नंबर है, बिल्कुल नहीं जाने देंगे." वर दहा-बारा जणी जमल्या होत्या. तिळगूळ, स्टीलच्या गाळण्यांचं वाण, साड्या. पुरुषांना आतल्या खोलीत क्रिकेट लावून दिलं होतं.

चौथ्या मजल्यावरची एक नागपूरची बाई होती, मोठ्या आवाजाची. तिने जावेला विचारलं, "काय मग डॉक्टर, तुमच्या त्या लेखाचं झालं का? आम्ही पंधरा दिवस घड्याळ बघून वह्या भरल्या. माझा नवरा म्हणे, किती वाजता शिंकलीस तेही लिही."

"कुठलं काय," जाऊ म्हणाली. "चार महिने झाले पाठवून. दोन जण तपासतात. एकाने महिन्याभरात चांगला म्हणून पाठवला. दुसरा बसलाय घोरत."

"दुसरी असेल," नागपूरची बाई म्हणाली. "बायकांचा विषय आहे, बाईलाच दिला असेल."

"मग मेलेच मी! बुवा असता तर न वाचताच पास केला असता."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडात तिळाचा लाडू होता, तो दाताखाली नीट फुटेना.

मी विचारलं, "का गं, कोणी मुद्दाम अडवून ठेवलाय असं वाटतं का तुला?"

"छे हो वहिनी. मुद्दाम कशाला? लेख कोणाचा तेच तिला माहीत नाही. असेल बिचारी कामात. तिच्याही घरी सणवार, पाहुणे असतीलच की."

तिची लिफ्ट, तिचा ओटा, तिची डॉक्टरकी हे सगळं मी इतकी वर्षं सोसलं होतं. हे 'बिचारी' मात्र मला सोसेना. संशयसुद्धा घेता येऊ नये इतकं चांगलं असायचं काय कारण?

बायका पांगल्यावर मी कप विसळायला तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. तिने आवाज बारीक केला.

"इतरांसमोर बोलले नाही, पण महिनाअखेरीला इंटरव्ह्यू आहे. युनिव्हर्सिटीत रीडरच्या कायम जागेचा. लेख घेतल्याचं पत्र हातात असलं तर फाइलला लावता येईल. बाकीच्यांकडे तीन-तीन लेख आहेत."

"आणि नाही आलं तर?"

"तर आहे ते टेम्पररी शिकवणं चालू ठेवायचं. पुढची जागा केव्हा निघेल कोणाला माहीत." तिने ओटा पुसला, कोरडा असूनही पुन्हा पुसला. "तुमच्यासारखा कडकपणा हवा होता माझ्यात, वहिनी. मला या घरात कोणीही उठवतं. टेबल घेतलं मोठ्या हौसेने. बघा जाऊन, काय आहे त्यावर."

मी जाऊन बघितलं. टेबलावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग होता, त्यावर मुलीच्या कथकचे घुंगरू आणि दिव्याच्या मानेला अडकवलेला दिराचा टाय. ते बघून मला समाधान वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं ते असं की या ढिगाऱ्यात बसून तिने तसला लेख लिहिला, आणि मी रिकाम्या दुपारी झोपले. मला आणखीच हेवा वाटला.

निघताना दारात ती माझ्या यजमानांना म्हणाली, "दादा, वहिनींच्या अभ्यासाच्या वेळी टीव्ही लावत नाही ना तुम्ही?"

"मी त्या वेळी ऑफिसात असतो," ते म्हणाले. म्हणजे काही न समजताही उत्तर बरोबर आलं.

ऑटोत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तू कसला अभ्यास करतेस दुपारी?"

"झोपते."

"मग ती असं का म्हणाली?"

मी सांगितलं. वही, दोन पेनं, लिफाफा, सगळं. ऑटोच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं आणि त्यांनी दोनदा "काय?" विचारलं, त्यामुळे पालमच्या सिग्नलला आम्ही उभे होतो तेव्हा 'मी खोटं लिहिलं' हे वाक्य शेजारच्या स्कूटरवाल्यानेही ऐकलं.

"दुपारी झोपणं काय गुन्हा आहे?" यजमान म्हणाले. "आमच्या सेक्शनमध्ये सगळे झोपतात."

"ते वहीत लिहून देतात का?"

"नाही."

"मग?"

सिग्नल सुटला तेव्हा त्यांनी मफलर घट्ट केला. मग म्हणाले, "त्या पोरीचा इंटरव्ह्यू आहे. काय ते लवकर कर."

घरी आल्यावर मी पलंगाची गादी उचलून पेटी उघडली आणि लिफाफा काढला. यजमानांनी खिचडी टाकली, मी पत्र लिहायला बसले. दोन भूमिका होत्या माझ्या, त्या मी वेगळ्या केल्या. परीक्षक म्हणून मी संपादकांना बांधील होते, लेखिकेशी एक शब्द बोलायची मला परवानगी नव्हती. पण वही भरणारी बाई म्हणून मी लेखिकेला बांधील होते, तिला चुकीची माहिती दिली होती आणि ते तिला सांगणं माझं काम होतं. संपादकांना चार ओळी लिहिल्या. लेखिका माझ्या नात्यातली आहे, हे मला सुरुवातीलाच कळलं होतं. तरी मी लेख वाचला आणि दोन महिने ठेवून घेतला. अभ्यासातल्या एका कुटुंबाची नोंद खोटी आहे, ती मीच दिली होती. कृपया दुसरा परीक्षक नेमावा. ठेवून घेण्याच्या कारणापाशी मी थोडी थांबले आणि 'वैयक्तिक कारणाने' असं लिहिलं. त्या जागी दुसरा शब्द मला माहीत होता. अभिप्रायाची दोन पानं पत्राबरोबर पाठवायची नव्हती, पण फाडलीही नाहीत. टक्क्यांचा मुद्दा बरोबर होता.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. नव्या परीक्षकाला आणखी दोन महिने लागले. रीडरची जागा त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली. लेखामुळे हुकली असं कोणी खात्रीने म्हणू शकत नाही, आणि लेखामुळे हुकली नाही असं मला म्हणता येत नाही. लेख पुढच्या वर्षी आला. तेवीस कुटुंबांचा, निष्कर्ष पूर्ण बदललेला, आणि मला आवडलं नाही तरी सांगते, पहिल्यापेक्षा सरस. त्यातल्या सात बायका आता ३०.४३ टक्के झाल्या होत्या. ते छापलेलं बघून मला बरं वाटलं. जाऊ मला अजून वहिनी म्हणते, गणपतीला दोन दिवस राहायला येते, माझ्या हातची अळूची भाजी मागून खाते. वही भरायला मात्र तिने मला पुन्हा कधी दिली नाही.

पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, नळाला पाणी असतानाच, मी बादली लावून तिला फोन केला. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. मी तुला दिलेली वही खरी नव्हती. दुपारी मी झोपते. वाचन-लेखन वगैरे काही नाही. सगळी वही मी एका संध्याकाळी भरली."

तिच्याकडे मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"एकही दिवस नाही, वहिनी?"

"एकही नाही. तो नऊ नंबरचा परिच्छेद काढून टाक."

हे बोलून गेल्यावर मला कळलं. कोणत्या घराला कोणता नंबर दिलाय हे तिने चोवीसांपैकी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. परिच्छेद आहे, हे तर लेख वाचल्याशिवाय कळायचं कारणच नव्हतं.

माझी बादली भरून वाहायला लागली, तरी मी हलले नाही.

"केव्हा आला होता तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"दिवाळीनंतर."

"अच्छा," ती म्हणाली. मग तिने कागद ओढल्याचा आवाज आला. "म्हणजे तेवीस. तक्ते चार बदलावे लागतील, आणि शेवटची तीन पानं पुन्हा लिहायची. दोन दिवस लागतील मला." तिचा आवाज अगदी कोरडा होता, माझा असतो तसा. "ठेवते. मुलीची बस येईल."

तिने फोन ठेवला. दोन दिवसांत! मला लाज वाटत होती, कान तापले होते, आणि त्या सगळ्यात 'दोन दिवस' हा शब्द मला टोचत होता. मला दोन महिने लागले असते.

नळ बंद केला, डबे भरले आणि नऊच्या बसने कस्तुरबा गांधी मार्गाला उतरले. त्रैमासिकाचं कार्यालय तिथल्या एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला होतं. संपादक यायचे होते. फोनवर बोलणारा कारकून हीटरपाशी हात शेकत बसला होता, मला बघून उठला. मी लिफाफा दिला, पत्र वेगळं दिलं आणि आवक रजिस्टरमध्ये दोन्हींची नोंद करायला लावली. त्याने तारीख घातली, मग कपाटातून दुसरा एक खाकी लिफाफा काढून माझ्यापुढे केला.

"मॅडम, आप आ ही गई हैं तो यह भी लेती जाइए. नया पेपर है. कुरियर बच जाएगा."

"पहले सर को मेरी चिट्ठी पढ़ने दीजिए," मी म्हटलं. "उसके बाद भी देना चाहें तो भिजवा दीजिए."

त्याने लिफाफा पुन्हा कपाटात ठेवला. मी खाली उतरले, बस पकडली आणि अकराच्या तासाला वर्गात हजर राहिले.